पोळ्याचा बोजारा ते सात लाखांचा विमा : पगाराशिवाय नोकरीत मिळणारी सगळ्यात भारी गोष्ट कोणती?

पोळ्याचा दिवस. बुलडाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा असो की आजूबाजूचं कुठलंही गाव, या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हा नियम. आदल्या दिवशी खांदेमळणी, पोळ्याला अंघोळ, झूल, शिंगांना रंग आणि पुरणपोळीचा घास. थोडक्यात, बैलाची हक्काची सुट्टी.

या दिवशी बैलासोबत आणखी एकाचा मान असतो, तो म्हणजे सालदाराचा. बैल घेऊन तो घरोघरी फिरतो आणि लोक त्याच्या हातावर बोजारा ठेवतात. वऱ्हाडात सालदाराचं साल परंपरेनं गुढीपाडव्याला ठरतं. त्यात वर्षाचे पैसे किती हे ठरतंच, पण धान्य किती, कपडे किती, अडीनडीला उचल किती, हेही ठरतं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्याचं 'पॅकेज'.

पण या पॅकेजमध्ये एक गोची आहे. मालक चांगला असला तर आजारपणात दवाखान्याचे पैसेही मिळतात, नसला तर बोलायची सोय नाही. कारण यातलं बरंचसं कागदावर नसतं, मालकाच्या मनावर असतं.

नोकरीतल्या सवलतींची सगळी गोष्ट खरं तर याच एका प्रश्नाभोवती फिरते. मिळतंय ते बक्षीस आहे की हक्क?

रविवारची सुट्टी फुकटात मिळाली नाही

आज रविवारी सुट्टी असते याचं कुणालाच काही वाटत नाही. पण १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. सूर्य उगवला की मशीन सुरू, मावळला की बंद. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर रोज काम.

या विरोधात उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' वर्तमानपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

साध्या वाटतात ना? पण यातली पहिली मागणी मान्य व्हायला सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. म्हणजे तुम्ही रविवारी उशिरापर्यंत लोळता, त्यामागे १४० वर्षांपूर्वीच्या साडेपाच हजार सह्या आहेत.

नागपूरची गिरणी आणि पहिली पेन्शन

दुसरी गोष्ट विदर्भातलीच. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? तर कापूस इथे पिकतो म्हणून.

पण कापूस मिळाला तरी कामगार टिकत नव्हते. लोक रोज कामावर यायचेच नाहीत. दंड करून भागेना, तेव्हा टाटांनी उलटा विचार केला. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं सुरू केली, गिरणीत हवा खेळती राहील आणि ओलावा टिकेल अशी यंत्रं बसवली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई देणं सुरू झालं. सरकारी कायदा नसताना.

टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यातही पुढे हेच झालं. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी. युरोपातल्या फ्रान्सने सगळ्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली ती १९३६ मध्ये.

यातून एक गोष्ट समजते. सवलत म्हणजे मालकाने केलेला उपकार नसतो, त्यात त्याचाही फायदा असतो. माणूस टिकतो, काम शिकतो, चांगलं काम करतो.

दिवाळी बोनस : बक्षीस की थकलेला पगार?

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी प्रचंड नफा कमावला. महागाई वाढलेली, म्हणून १९१७ पासून मालक कामगारांना बोनस देऊ लागले. काही वर्षं हे नियमित चाललं. मग मंदी आली आणि मालकांनी हात वर केले.

कामगारांनी १९२४ च्या सुरुवातीला संप केला. त्यांचं म्हणणं होतं, दरवर्षी मिळतोय म्हणजे आता तो आमचा हक्क आहे. सरकारने चौकशी समिती नेमली आणि समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. संप फसला.

तो हक्क मिळायला १९६५ साल उजाडलं. बोनस कायद्याने किमान बोनस ठरवून दिला आणि पुढे तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब सोपा आहे. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग म्हणजे ८.३३ टक्के, म्हणजेच एका महिन्याचा पगार. त्यालाच लोक 'तेरावा पगार' म्हणतात. अर्थात कायद्यात हा हिशोब करताना पगाराला एक मर्यादा असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम पूर्ण पगाराएवढी असेलच असं नाही.

बाळंतपणाची रजा : सुरुवात मुंबई प्रांतातून

बाळंतपणाची रजा देणारा भारतातला पहिला प्रांतिक कायदा मुंबईचा, १९२९ चा. त्याआधी, २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा खर्च सरकारने तसंच मालकानेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता.

१९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त लोक काम करतात तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली.

पण पिंपळगाव राजाच्या शिवारात कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं काय? तिची रजा कोण मंजूर करणार?

झाडाखालचं पाळणाघर

शेतमजुरांसाठी नोकरीतल्या सवलतीच्या जवळ जाणारी एक गोष्ट महाराष्ट्रानेच देशाला दिली : रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

यात फक्त मजुरी नव्हती. बाई-पुरुष दोघांना सारखी मजुरी, कामावर प्यायचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळायची सोय, हे सगळं होतं. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात तर असं लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. काम गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर दहा टक्के जास्त मजुरी.

याचा शहराशीही संबंध आहे. महाराष्ट्रात पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये 'व्यवसाय कर' कापला जातो, तो पगारपत्रकात दिसतो. १९७५ चा हा कर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच आणला होता.

मग पोरं सरकारी नोकरीच्या मागे का?

पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं वऱ्हाडात कुठल्याही गावात दिसतील. पोलीस भरती नाही तर सैन्य भरती. कारण फक्त पगार नाही. जवानाचं कँटीन कार्ड, रेल्वेवाल्याचा पास, मास्तरची मे महिन्याची सुट्टी, सरकारी कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून आलेला पाच दिवसांचा आठवडा, हे सगळं लोक बघत असतात.

आणि सगळ्यात वर होती पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये याच मुद्द्यावर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकत्रित निवृत्तिवेतन योजना स्वीकारायचा निर्णय घेतला. एका सवलतीसाठी सरकारी कामकाज आठवडाभर ठप्प होऊ शकतं, यावरून तिची किंमत कळते.

खासगी नोकरीत असाल तर हे माहीत हवंच

खामगावच्या एमआयडीसीत, पुण्याच्या चाकणमध्ये किंवा एखाद्या दुकानात काम करणाऱ्यांना वाटतं की आपल्याला पगाराशिवाय काहीच नाही. अनेकदा असतं, पण माहीत नसतं.

विमा : पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत एक जीवन विमाही असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, तुमचा एक रुपयाही जात नाही. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी कुटुंबाला याची माहिती हवी आणि खात्यावर वारसाचं नाव हवं. घरात कुणाला माहीतच नसेल तर अर्ज कोण करणार?

ग्रॅच्युइटी : दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे पाच वर्षं पूर्ण झाली की लागू होते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. समजा ही रक्कम १३ हजार आहे आणि नोकरी १० वर्षं झाली, तर हातात ७५ हजार रुपये. कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नसते.

पेन्शन : मालकाच्या पीएफच्या हिश्श्यातून ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शनला जाते. दहा वर्षं सेवा झाली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. म्हणून नोकरी बदलताना पीएफ काढून मोकळं होण्याआधी दोनदा विचार करा.

करारावरचे कामगार : २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देण्याची आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांसाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचा, असंही त्यात म्हटलंय.

आज काय करायचं?

पगारपत्रक मागा. त्यात पीएफ कापलेला दिसला तर १२ अंकी यूएएन क्रमांक घ्या. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शेवटची जमा रक्कम मेसेजने येते. पगारातून कापलं जातंय पण खात्यात जमा होत नसेल तर ते लगेच लक्षात येईल. मग पीएफच्या संकेतस्थळावर वारसाचं नाव नोंदवा आणि ते घरच्यांना सांगा. नेमणूक पत्राचा फोटो काढून ठेवा.

हे सगळं पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

तर सगळ्यात भारी सवलत कोणती?

मोफत जेवण, ऑफिसची गाडी, वाढदिवसाची सुट्टी, हे चांगलंच आहे. पण कंपनीने उद्या बंद केलं तर विचारता येत नाही. रविवार, बोनस, बाळंतपणाची रजा, ग्रॅच्युइटी यांचं तसं नाही. त्या कधीकाळी कुणाच्या तरी मर्जीवर होत्या, कुणीतरी भांडलं आणि त्या कायद्यात आल्या.

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, कारण तो रिवाज आहे, मालकाच्या मूडवर ते ठरत नाही. सालदाराला मात्र अजून पगारपत्रक नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्याला बोजारा मिळतो, तोही कुणी दिला तर.