हळदीच्या कंदातील जीवनव्यापार

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हिंगोली जिल्हा आज हळदीसाठी ओळखला जातो. उन्हाळ्यात वसमत, कळमनुरी परिसरात सावलीत पाल्याने झाकून ठेवलेली बेण्याची रास निर्जीव वाटते. वस्तुतः त्यातील प्रत्येक गड्डा जिवंत असतो आणि सर्व सजीवांना समान असलेले मूलभूत जीवनव्यापार त्यात चालू असतात.

त्यांपैकी सतत चालणारा व्यापार श्वसनाचा. गड्डा हवेतील प्राणवायू घेतो, साठविलेल्या पिष्टमय पदार्थांपासून ऊर्जा मिळवितो आणि कर्बवायू उत्सर्जित करतो. या क्रियेत उष्णताही निर्माण होते. हवा खेळती नसल्यास रास तापून बेणे खराब होते. लागवडीनंतरही हाच नियम लागू असतो. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले, की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि कंदकुजीच्या बुरशीचे फावते. म्हणूनच उंच वाफे आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी चर यांना महत्त्व आहे.

बेणे मातीत कसेही पडले, तरी कोंब वर व मुळे खालीच वळतात. ही सजीवाची संवेदनशीलता होय. पुढे पाने सूर्यप्रकाशात कर्बवायू व पाणी यांपासून अन्न तयार करतात. हे पोषण होय. ते अन्न खाली वाहून नेले जाते व त्यावर नवे कंद वाढतात.

पुनरुत्पादनाची रीत मात्र निराळी आहे. हळदीला फुले येतात. परंतु बी क्वचितच धरते. वंश चालतो तो कंदापासूनच. साहजिकच कंदातील रोगही बेण्याबरोबर पुढील हंगामात उतरतो. आज निवडलेले बेणे हेच उद्याचे पीक असते.

काढणीनंतर विक्रीची हळद शिजवितात. उष्णतेने कंदातील पेशी मरतात व सर्व जीवनव्यापार थांबतात. त्या हळकुंडास पुन्हा कोंब फुटत नाही. शाळेत एक कच्चा व एक शिजविलेला कंद ओलसर मातीत लावल्यास काही आठवड्यांत हा भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल. ग्रामपंचायतींनीही पावसाळ्यापूर्वी शिवारातील नाले व चर मोकळे करून घेतल्यास जमिनीखालील या मूक जीवाचा श्वास चालू राहील आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचे चीज होईल.