चावीतला जुना सेल कुठे ठेवला?

मागच्या महिन्यात कराडला नात्यातला वलीमा होता. जेवणं आटोपली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि आम्ही साताऱ्याला परतायला निघालो, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. हॉलबाहेर गाडी उभी होती, पण चावीचं बटण दाबलं तरी दार उघडेना. जवळ जाऊन दाबलं, चावी झटकून दाबली, अम्मींनी ‘बिस्मिल्लाह’ म्हणून दाबलं. काहीच उपयोग झाला नाही. धाकट्या भावाचा दोन वर्षांचा मुलगा भाभींच्या खांद्यावर झोपलेला, आणि गाडीचं दार बंद!

खरं तर गाडीने आधी सांगितलं होतं. आठवडाभर बटण दोन-दोनदा दाबावं लागत होतं. डॅशबोर्डवर चावीचं पिवळं चिन्हही दिसायचं. ‘बघू रविवारी’ म्हणत आम्ही ते टाळलं.

शेवटी भांडी भरायला आलेला टेम्पोचा ड्रायव्हर पुढे आला. “चावीतच चावी आहे की, साहेब!” म्हणत त्याने रिमोटच्या कडेची छोटी खिट्टी सरकवली आणि आतून लोखंडी चावी ओढून काढली. तिने दार उघडलं. लगेच गाडीचा भोंगा वाजायला लागला आणि आम्ही घाबरलो. तो मात्र शांतच. “ब्रेक दाबा आणि रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा.” गाडी सुरू झाली, भोंगाही थांबला. चार वर्षं गाडी वापरून आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

सेल गेला तरी गाडी अडत नाही

रिमोटमधला सेल लांबून दार उघडण्यासाठी असतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चावीत आणखी एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही. कुलपाजवळच्या किंवा स्टार्ट बटणामागच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. म्हणून चावी फिरवून सुरू होणारी गाडी सेल संपल्यावरही सुरू होते. बटणाच्या गाडीत चावी ठरावीक जागी टेकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत ती जागा स्टार्ट बटणच असते, काहींत वेगळा खाचा असतो. आपल्या गाडीत ती कुठे आहे, हे माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावं. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलींना आणि सुनांनाही, एकदा ते करून दाखवावं.

पाच मिनिटांचं काम

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवा सेल आणला. जुन्या सेलवरचा आकडा पाहूनच नवा घ्यावा. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो. त्यातला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढाच गोल, पण पातळ असतो. तो त्या जागी बसल्यासारखा वाटतो आणि मग सैल पडून त्रास देतो. चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला सेल घ्यावा. सुटा, उघडा मिळाला तर घेऊ नये.

आधी आतली लोखंडी चावी काढावी. ती निघाल्यावर कडेला एक फट दिसते. तिथे चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक, त्यावर पातळ कापड गुंडाळून, हलकेच फिरवावं. झाकण ‘टक’ करून सुटतं. ओढाताण करू नये, कारण प्लास्टिकचे दात मोडले की झाकण पुन्हा घट्ट बसत नाही. जुना सेल काढण्याआधी अधिकची खूण वर आहे की खाली, हे पाहावं किंवा मोबाइलवर फोटो काढावा. सेल उचकटायला प्लास्टिकचं टोक वापरावं आणि हिरव्या पट्टीला बोट लावू नये. नवा सेल कोरड्या हाताने, कडा धरून बसवावा. झाकण चारी बाजूंनी दाबावं आणि बटण दाबून पाहावं. बहुतेक गाड्यांत पुन्हा काही जुळवावं लागत नाही. शोरूममध्ये जायची गरज नाही आणि खर्चही फार नाही.

झाकण बसलं, अंगणातली गाडी ‘टिक टिक’ वाजली आणि आम्ही खूश झालो. मग भाभींनी विचारलं, “जुना सेल कुठाय?”

तो अर्धा तास

टेबलावर नव्हता, खाली नव्हता. पुतण्या टेबलाजवळच खेळत होता आणि त्याचं तोंड हलत होतं. तोंडात बिस्किट होतं, पण त्याआधी काय होतं, कुणालाच सांगता येईना. अम्मी त्या वेळी शेजारी गेल्या होत्या. पाच मिनिटं शोधलं आणि मग शोधणं सोडून त्याला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मूल हसतंय-खेळतंय यावर विश्वास ठेवला नाही. गळ्यापासून पोटापर्यंत एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला. अलहम्दुलिल्लाह! भाभी मात्र तिथेच रडू लागल्या. आम्ही ओशाळून म्हणालो, “डॉक्टरसाहेब, उगाच आलो. तसाही तो सेल संपलेलाच होता.” यावर त्यांनी जे सांगितलं, ते सगळ्यांना कळावं म्हणून हा लेख.

चावीसाठी संपलेला सेल गळ्यासाठी संपलेला नसतो. रिमोट चालवायला वीज पुरेना, तरी त्यात इजा करण्याइतकी वीज उरते. असा गोल सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि तिथे तीव्र क्षार तयार होतो. तो आतली त्वचा जाळतो. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, पुढे भोक पडून जीवही जाऊ शकतो. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. मूल सुरुवातीला अगदी ठीक दिसू शकतं. लाळ गळणं, खोकला, खाणं नाकारणं ही लक्षणं साध्या सर्दी-खोकल्यासारखीच वाटतात.

म्हणून शंका आली तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. उलटी करायला लावू नये. सेल नाकात किंवा कानात गेला तरी थांबू नये. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा सल्ला असा आहे: मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. जखम त्याने थोडी आवरते. पण मध हा इलाज नाही. मध शोधण्यात वेळ घालवू नये. एक वर्षाखालच्या बाळाला तो देऊच नये. मधाशिवाय दुसरं काही खायला-प्यायला देऊ नये.

आता आमच्या घरी

नवा सेल बसवण्याआधी जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावतो, मग तो वरच्या कपाटातल्या झाकणाच्या बरणीत जातो. बरणी भरली की इ-कचरा घेणाऱ्याकडे देतो. कचऱ्याच्या डब्यात सेल टाकत नाही.

मग घरभर पाहिलं. वजनकाटा, एसीचा रिमोट, ईदला आणलेली लुकलुकणारी खेळणी, अम्मींची बोटात घालायची डिजिटल तस्बीह, सगळ्यांत असेच लहान-मोठे सेल निघाले. ज्याच्या झाकणाला स्क्रू नाही, ते मुलाच्या हाती देत नाही. तस्बीह आता नमाजनंतर उंच फळीवर जाते.

आणि तो हरवलेला सेल? जुम्याच्या दिवशी अम्मींनी सदक्याचा डबा उघडला, तेव्हा नाण्यांमध्ये तो चकाकत होता. “जमिनीवर रुपया पडलेला दिसला,” त्या म्हणाल्या, “म्हणून शेजारी जाता जाता डब्यात टाकला.”

सगळे हसलो. मोठ्या माणसाला जो रुपया वाटला, तो दोन वर्षांच्या मुलाला गोळी वाटला असता. तुमच्याही गाडीची चावी आज दोनदा दाबावी लागली असेल, तर सेल जरूर बदला. पण नव्या सेलचं पाकीट फोडण्याआधी जुन्या सेलची जागा ठरवून ठेवा.