जयसिंहांची तक्रार आणि मनगटावरचे घड्याळ

आकाश मोजणाऱ्या पितळी यंत्रांवर जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांचा भरवसा उरला नव्हता. यंत्रे लहान, अंशाच्या कलांच्या खुणा करायला जागा नाही, आस झिजून डगमगतो, वर्तुळाचा मध्य सरकतो, अशी कारणे त्यांच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या खगोलसारण्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदलेली आहेत. वेळ, ताऱ्यांची उंची असे बरेच काही एकाच तबकडीवरून काढून देणारे यंत्रराज हे त्या काळचे बहुगुणी घड्याळच. अखेर जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेत दगडचुन्याची अवाढव्य यंत्रे उभी राहिली.

तिथले सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ सुमारे 27 मीटर उंच आहे आणि त्यावरची बारीकातली बारीक खूण 2 सेकंदांची. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड मात्र धूसर पडते. नुसत्या डोळ्यांनी ती खूण गाठणे अवघड जाते. शिवाय हे यंत्र जयपूरची स्थानिक सौरवेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ती फेब्रुवारीत सुमारे 41 मिनिटे मागे असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम 10. पाहुण्यांना यंत्र चुकल्यासारखे वाटते, पण हा फरक तारखेनुसार आधीच काढून ठेवता येतो. असे यंत्र खुशाल वापरावे.

आजच्या बहुगुणी घड्याळाच्या, म्हणजे मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या चुका इतक्या सरळ नसतात. जयपूरजवळच्या नाहरगडाची चढण चढणाऱ्याला ते उंची सांगते ती हवेच्या दाबावरून. दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की आकडा सुमारे 8 मीटरने वाढतो. वादळापूर्वी दाब तीन-चार हेक्टोपास्कलने घसरला, तर टेबलावर पडलेले घड्याळही पंचवीस-तीस मीटर चढून बसते. धूळ आणि घाम साचून दाब मोजणारे छिद्र बुजले, की आकडा जागचा हलत नाही. तापमानात अंगाची ऊब मिसळते. होकायंत्र मोबाइलजवळ भरकटते, जुन्या जयपूरच्या तटबंदीतल्या अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि धावलेल्या वाटेची रेघ नकाशावर घरांवरून जाते. पट्टा सैल असेल तर नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजला जातो.

जानेवारी 2025मध्ये गार्मिनची अनेक घड्याळे जगभर एका निळ्या त्रिकोणावर अडकून पुन्हापुन्हा सुरू होत राहिली. तिथे काही झिजले नव्हते, फुटले नव्हते. दोष सॉफ्टवेअरच्या बाजूचा होता.

जाहिरातीत सुविधांची यादी ठळक असते. प्रत्येक आकडा कितपत चुकू शकतो, हेही तितक्याच ठळकपणे छापले पाहिजे. डोंगरात अंधार पडताना माणूस त्याच आकड्यावर विसंबून वाट निवडतो. असे छापले जाईपर्यंत चढणीच्या पायथ्याशी नकाशातली उंची घड्याळात भरावी, होकायंत्र नव्याने जुळवून घ्यावे आणि परतल्यावर दाब मोजणारे ते छिद्र स्वच्छ कोमट पाण्याने धुवावे.