टेबल म्हणजे एक्सेल शीट नव्हे

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात इंग्लंडच्या रोजच्या आकडेवारीतून कोरोनाचे १५,८४१ बाधित गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या 'एक्सएलएस' साच्यातल्या फाइलींमध्ये भरली जात होती आणि त्या साच्यात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी कुणाला न कळता कापल्या गेल्या आणि त्या बाधितांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. शीट आणि डेटाबेसमधले टेबल दिसायला सारखेच असल्यामुळे दोन्ही एकाच पद्धतीने हाताळले जातात. टेबलाविषयीचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज: टेबल म्हणजे मोठी शीट.

वस्तुस्थिती: शीटच्या चौकटीत सहसा काहीही लिहिले तरी चालून जाते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये, आयबीएममध्ये असताना, ज्या रिलेशनल मॉडेलची मांडणी केली, त्यावर उभ्या डेटाबेसमध्ये नियम आधी येतात आणि माहिती नंतर. कोणत्या कॉलममध्ये काय बसेल, कोणता रिकामा चालणार नाही, कुठे तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ द्यायची नाही, हे 'क्रिएट टेबल' लिहितानाच ठरवता येते. नियम मोडणारी ओळ एरर देऊन परत पाठवली जाते. ओळींना ठरलेला क्रमही नसतो. काल ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने आज येतील याची हमी नाही. क्रम हवा असेल तर 'ऑर्डर बाय' लिहावेच लागते.

गैरसमज: आकडे दिसले की कॉलम इंटिजर.

वस्तुस्थिती: पुण्याचा एसटीडी कोड ०२०. इंटिजरमध्ये साठवला की उरतो २०. गोव्याचा ०८३२ होतो ८३२. मोबाइल नंबर तर बसतच नाही: नेहमीच्या ३२ बिटी इंटिजरची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आणि आपले दहा आकडी नंबर सुरू होतात ६ ते ९ ने. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो मजकूर म्हणूनच साठवावा. पैशांची बेरीज करायची असते, पण तिथे फ्लोट नको, त्यात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ भरत नाहीत. रकमेसाठी डेसिमल.

गैरसमज: कॉलमची लांबी २० ठेवली की वीस अक्षरे मावतात.

वस्तुस्थिती: मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस 'व्हारचार'ची लांबी कॅरेक्टरमध्ये मोजतात. ओरॅकलमध्ये मात्र वेगळे सांगितले नाही, तर २० म्हणजे वीस बाइट. 'महाराष्ट्र' या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा कॅरेक्टर आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कॅरेक्टरला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले तीस. इंग्रजी नावांवर तपासलेला फॉर्म मराठी नाव भरताच अडतो, त्यामागे अनेकदा हेच असते. लांबीपुढे 'कॅर' लिहिले की मोजणी कॅरेक्टरची होते.

गैरसमज: नल म्हणजे शून्य किंवा रिकामा मजकूर.

वस्तुस्थिती: नल म्हणजे किंमत माहीत नाही. समजा, सभासदांच्या टेबलात पाच नावे आहेत: तीन पुण्याची, एक साताऱ्याचे आणि एकाचे शहर नल. 'शहर पुणे नाही' असे सभासद मागितले, तर दोन नव्हे, एकच ओळ हाती येते. जे शहरच माहीत नाही ते पुणे नाही, असे डेटाबेस ठरवू शकत नाही, म्हणून ती ओळ वगळली जाते. तीही हवी असेल तर 'इज नल' वेगळे विचारावे लागते. ओरॅकल मात्र इथेही वेगळा: रिकामी स्ट्रिंग तो नलच धरतो.

गैरसमज: ऑटो इन्क्रिमेंटचे नंबर सलग येतात.

वस्तुस्थिती: ते एकमेव राहतात, सलग असतीलच असे नाही. नंबर मिळाल्यावर व्यवहार रोलबॅक झाला, तर तो नंबर सहसा वाया जातो. जीएसटीच्या नियमांत इन्व्हॉइसचे क्रमांक सलग असावे लागतात. त्यामुळे बिलाचा क्रमांक या कॉलमवर सोडून चालत नाही, तो स्वतंत्र तर्काने द्यावा लागतो.

गैरसमज: डिलीट केले की डिस्क मोकळी.

वस्तुस्थिती: पोस्टग्रेसमध्ये डिलीट झालेली ओळ फाइलमध्ये मृत म्हणून पडून राहते. 'व्हॅक्यूम' ती जागा मोकळी करतो, पण सहसा त्याच टेबलाच्या नव्या ओळींसाठी. फाइलचा आकार फारसा घटत नाही. तो घटवायला 'व्हॅक्यूम फुल' आहे. मात्र तो सगळे टेबल नव्याने लिहितो, तेवढ्यासाठी जादा जागा मागतो आणि काम संपेपर्यंत टेबल लॉक ठेवतो. या काळात साधी सिलेक्ट क्वेरीही थांबून राहते, म्हणून तो कामकाजाच्या वेळेत चालवत नाहीत.