एक जूनची माणसं

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या शिक्षणसंस्थेची कर्मचारी-यादी घ्या आणि जन्मतारखांची मोजणी करा. १ जून सगळ्यात वर येतो. नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख ठाऊक नसे. ‘पोळ्याच्या आसपास झालं’ एवढंच तो सांगे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहाचं दिसायचं, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पुढे दाखल्यावर, सेवापुस्तकात, पेन्शनच्या कागदावर तीच तारीख चालली.

एका संस्थेची नांदेड आणि लातूरची दप्तरं एकत्र करताना ही गुरुजींची तारीख आमच्या फार उपयोगी पडली. नांदेडचा डेटा मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये होता, लातूरचा ओरॅकलमध्ये, आणि दोन्ही पोस्टग्रेसमध्ये आणायचे होते. मधल्या मजकूर-फायलीत ०१/०६/१९७० असं लिहिलेलं. सर्व्हर अमेरिकी क्रमाने वाचत असेल तर त्याची ६ जानेवारी होते. २५/०६ आली की तो अडतो, कारण पंचविसावा महिना नसतो. पण बारापर्यंतचे दिवस बिनबोभाट उलटतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पहिली क्वेरी एकच: कोणती तारीख वर आली? ६ जानेवारी दिसली की क्रम चुकला. ३१ मे दिसली तर तारखेला कुठेतरी वेळ चिकटली, आणि आपली मध्यरात्र जागतिक वेळेत आदल्या संध्याकाळचे साडेसहा झाली. ओरॅकलच्या तारखेत तास-मिनिटं असतातच, त्यामुळे मला लातूरच्या फायलीचाच जास्त संशय.

ही दुसरी चूक लबाड आहे. १ तारखेला जन्मलेला सरकारी नियमाने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. वयाची अट ५८ असेल तर १ जून १९७० वाला ३१ मे २०२८ ला घरी जाणार. त्याची जन्मतारीख ३१ मे झाली, तरी निवृत्तीचा दिवस तोच! निवृत्तीची यादी तपासणाऱ्या हेडक्लार्कला काहीच खटकत नाही. पेन्शनचे कागद जुळवताना मात्र खटकतं.

दोन अंकी वर्षांचा घोळ वेगळाच. ‘५८’ हे ओरॅकल आरआर पद्धतीने १९५८ वाचतं, मायएसक्यूएल मात्र २०५८. निवृत्त शिपाई अजून जन्मायचाच असतो. शिवाय मायएसक्यूएलच्या जुन्या तक्त्यांत ‘०००० साल, शून्य महिना, शून्य दिवस’ अशा नोंदी सापडतात. पोस्टग्रेस त्या घेत नाही. ‘१ जानेवारी १९०० टाकून द्या, सर,’ असं कुणीतरी सुचवतंच. मी रिकामी जागा रिकामीच ठेवतो. गुरुजींना निदान समोर पोरगं तरी दिसत होतं.

खरा पेच शाळेच्या जमिनीच्या कागदांत होता. नांदेड-लातूर हैदराबाद संस्थानात होते, म्हणून दानपत्रावर साल १३५७, तेही फसली, म्हणजे तिथल्या महसुली सनाचं. पोस्टग्रेसने तो आकडा निमूट इसवी सन मानला असता आणि शाळेची जमीन बहमनी काळात गेली असती. त्यात ५९० मिळवले की १९४७ येतं, पण हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतं आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालतं. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ त्यातच पडतो. कागदावर महिना नव्हता. तेव्हा मूळ ‘१३५७ फसली’ मजकुराच्या रकान्यात तसंच ठेवलं, आणि शेजारी ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे तारखांचे दोन रकाने वाढवले.