जर्मन वाक्यातील कर्ता, कर्म व क्रियापद

जर्मन वाक्यातील कर्ता व कर्म प्रामुख्याने विभक्तीवरून ओळखले जातात. पदक्रमात नियत स्थान असते ते क्रियापदाला. क्रियापदाआधीचे पद तो कर्ता, या इंग्रजीच्या सवयीने जर्मन वाचू लागणाऱ्या मराठी वाचकाची त्यामुळे फसगत होते. वस्तुतः येथे त्याला मराठीच अधिक उपयोगी पडते.

‘डेअर मान झीट डेन टीगर’ आणि ‘डेन टीगर झीट डेअर मान’ या दोन्ही वाक्यांत पाहणारा माणूसच आहे, वाघ नव्हे. ‘माणूस वाघाला पाहतो’ व ‘वाघाला माणूस पाहतो’ यांत मराठीतही अर्थ पालटत नाही. मराठीत खूण नामाच्या शेवटी लागते, तर जर्मनमध्ये ती बहुधा नामापूर्वीच्या उपपदावर दिसते : प्रथमेचे ‘डेअर’ द्वितीयेत ‘डेन’ होते. हा भेद एकवचनी पुल्लिंगापुरताच आहे. स्त्रीलिंगी ‘डी’ व नपुंसकलिंगी ‘डास’ ही दोन्ही विभक्तींत सारखीच राहतात व तेथे क्रम आणि संदर्भ यांवर विसंबावे लागते. मराठीचा ‘ला’ मात्र एका ठिकाणी दिशाभूल करतो. ‘माणसाला पाहतो’ व ‘माणसाला मदत करतो’ यांत प्रत्यय एकच. जर्मनमध्ये पहिल्यास ‘डेन मान’ (द्वितीया), तर दुसऱ्यास ‘डेम मान’ (चतुर्थी) लागते.

क्रियापदाच्या स्थानासाठी रायगड जिल्ह्यातील दोन घटना उदाहरणादाखल घेता येतील. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (त्यांनी १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते) महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ‘१९२७ ट्रांक आंबेडकर इन महाड वासर’ या वाक्यात कालवाचक पद आरंभी येताच कर्ता क्रियापदामागे गेला. ‘ट्रांक’ (प्याले) दुसऱ्या स्थानीच राहिले. हे दुसरे स्थान शब्दांचे नसून पदसमूहांचे मोजावयाचे असते. मराठीतील ‘प्याले’ हे आदरार्थी बहुवचन आहे. जर्मनमध्ये तृतीय पुरुषी असे बहुवचन नसल्याने ‘ट्रांक’ एकवचनीच राहते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड व पोलादपूर यांना जोडणारा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि वाहनांसह अनेक प्रवासी वाहून गेले. ‘२०१६ रिस डेअर फ्लुस डी ब्र्युके वेग’, म्हणजे ‘२०१६ मध्ये नदीने पूल वाहून नेला’. येथे क्रियापदाचे दोन तुकडे झाले असून ‘रिस’ दुसऱ्या व ‘वेग’ अखेरच्या स्थानी आहे. पूर्ण अर्थासाठी वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. (दोन्ही भाषांतील लिंगे नेमकी उलट आहेत : जर्मनमध्ये नदी पुल्लिंगी, पूल स्त्रीलिंगी.)

मराठीत ‘नेला’ हे रूप पुलाप्रमाणे, म्हणजे कर्माप्रमाणे, बदलते. पुलाऐवजी होडी असती, तर ‘नेली’ झाले असते. ‘आंबेडकर पाणी प्याले’ येथे मात्र क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, कारण ‘पिणे’ सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरी प्रयोगात येते. जर्मनमध्ये असा प्रयोगभेद नाही. ‘ट्रांक’ व ‘रिस’ ही दोन्ही क्रियापदे प्रथमेतील पदाचे वचन व पुरुष घेतात. कर्माचे लिंग वा वचन त्यांना स्पर्शही करीत नाही.

गौण वाक्यात दुसऱ्या स्थानाचा नियम सुटतो. ‘वाइल डेअर फ्लुस डी ब्र्युके वेगरिस’ (कारण नदीने पूल वाहून नेला) यात तुटलेले क्रियापद पुन्हा सांधले जाऊन शेवटी येते आणि कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम मराठीसारखाच होतो.