विश्लेषण : डब्यावर '१२०० वॅट', प्रत्यक्षात किती? कारमधील सबवूफरच्या खरेदीत ग्राहक कुठे फसतो?

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात आली, की सीट कव्हर आणि मॅटपाठोपाठ अनेकांच्या यादीत सबवूफर येतो. मुंबईत कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीत करोल बाग अशा बाजारांत आणि आता तालुक्याच्या गावांतही ही उपकरणे बसवून देणारी दुकाने आहेत. खर्च काही हजारांपासून लाखाच्या घरात जातो. तरीही 'आवाज हवा तसा येत नाही', 'अ‍ॅम्प्लिफायर दोनदा जळला', 'सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली' अशा तक्रारी ठरलेल्या असतात. या व्यवहारात नेमके चुकते कुठे, दुकानदाराला कोणते प्रश्न विचारावेत आणि कायदा काय म्हणतो, याचा हा आढावा.

डब्यावरील वॅटचा आकडा खरा असतो का?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला '१२०० वॅट' हा आकडा बहुतेक वेळा 'पीक' किंवा 'मॅक्स' शक्तीचा असतो. क्षणभर झेपणारी शक्ती असा त्याचा अर्थ लावला जातो, पण ती मोजायची कशी याची एकच रीत नसल्याने उत्पादक तो जवळपास मनाप्रमाणे छापू शकतो. ग्राहकाच्या कामाचा आकडा असतो तो 'आरएमएस'चा, म्हणजे सतत देता किंवा पेलता येणाऱ्या शक्तीचा. अमेरिकेतील ग्राहक तंत्रज्ञान उद्योग संघटनेने कारमधील अ‍ॅम्प्लिफायरसाठी 'सीटीए-२००६' हे मानक ठरवले आहे. बॅटरीकडून १४.४ व्होल्ट, ४ ओहमचा भार आणि १ टक्क्याहून अधिक विकृती नाही, या अटींवर मिळणारी शक्तीच त्यात मोजली जाते. हे मानक ऐच्छिक आहे. मात्र ज्या खोक्यावर त्याचा उल्लेख असतो, त्याचा आकडा तुलनेसाठी वापरता येतो.

मानकाचा उल्लेख नसेल तरी दुकानात उभ्या उभ्या एक ढोबळ तपासणी करता येते. अ‍ॅम्प्लिफायरवर बसवलेले फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचे आहेत ते पाहायचे आणि त्याला १४.४ ने गुणायचे. फ्यूज ३० अ‍ॅम्पिअरचा असेल, तर बॅटरीकडून सतत घेतली जाणारी शक्ती साधारण ४३० वॅटच्या पुढे जात नाही. त्यातील काही भाग उष्णतेत जातो. 'क्लास डी' प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर स्पीकरपर्यंत सुमारे ३४५ वॅट पोहोचतात. 'क्लास एबी' असेल तर त्याहूनही कमी. असा अ‍ॅम्प्लिफायर १२०० वॅटचा म्हणून विकला जात असेल, तर किंमत कोणत्या आकड्याची मोजायची हे ग्राहकाने ठरवायचे.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज का नाही?

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप लॉगॅरिदमचे असते. शक्ती दुप्पट केली, तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे २५० वॅटऐवजी ५०० वॅटचा संच घेणाऱ्याला खिशातला फरक लगेच कळतो, कानाला मात्र तो थोडासाच जाणवतो. उलट संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असलेला सबवूफर निवडला, तर तोच परिणाम अर्ध्या शक्तीत मिळतो. हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो, पण तो क्वचितच विचारला जातो.

कारची बंद जागाही मदतीला येते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, म्हणजे बहुतेक गाड्यांच्या दुप्पट. इतक्या लहान जागेत खालच्या पट्टीतील स्वर आपोआप उचलले जातात. त्यामुळे दिवाणखान्यात लागेल त्याहून कमी शक्तीत गाडीत चांगला बास मिळतो.

'ओहम'चा घोळ काय असतो?

अ‍ॅम्प्लिफायर जळण्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा चुकीची जोडणी असते. अनेक सबवूफरमध्ये प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असतात. त्या एकापुढे एक जोडल्या तर भार ८ ओहम होतो, समांतर जोडल्या तर २ ओहम. असे दोन सबवूफर पूर्णपणे समांतर जोडले, तर भार १ ओहमवर येतो. भार जितका कमी, तितका प्रवाह जास्त. २ ओहमपर्यंतच झेपणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला १ ओहमचा भार दिला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. 'आणखी एक वूफर टाकून देतो, आवाज डबल होईल' असे दुकानात सांगितले गेले, तर 'मग एकूण ओहम किती होतील आणि अ‍ॅम्प्लिफायर किमान किती ओहमवर चालतो?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरे कारण 'गेन'च्या बटणाचे. ते आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी ते असते. दुकानाबाहेर ग्राहकाला खूश करण्यासाठी ते पूर्ण फिरवले, की सिग्नलची टोके कापली जातात. त्याला 'क्लिपिंग' म्हणतात. असा सिग्नल सतत गेला की कॉइल तापते आणि वास येईपर्यंत ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

लाकडी खोके इतके महत्त्वाचे का?

सबवूफर आणि त्याचे खोके मिळून एकच वाद्य होते. कोणत्या स्पीकरला किती घनफळाचे खोके लागेल, याचे गणित ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते पुढे नेले. 'थिएल-स्मॉल पॅरामीटर' आजही प्रत्येक चांगल्या सबवूफरच्या माहितीपत्रकात असतात. बंद खोक्याचा बास आखीव आणि आटोपशीर असतो. छिद्र किंवा नळी असलेले 'पोर्टेड' खोके त्याच शक्तीत अधिक मोठा आवाज देते, पण त्याला जागा जास्त लागते. शिवाय ठरलेल्या वारंवारितेच्या खाली पडद्यावरचा ताबा सुटतो. तयार खोक्यात कोणताही वूफर बसवला तर महागडा वूफरही पोकळ वाजतो. त्यामुळे बजेट मर्यादित असेल, तर महाग वूफर आणि मिळेल ते खोके यापेक्षा मध्यम वूफर आणि मापाने बनवलेले खोके हा सौदा चांगला.

राज्यात सीएनजीवरील गाड्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांत डिकीची जागा टाकीने व्यापलेली असते. अशा गाड्यांत सीटखाली बसणारा, अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर हा व्यवहार्य पर्याय ठरतो. टाकीला किंवा तिच्या नळीला चिकटून वायर नेणे, टाकीच्या पट्ट्यांत स्क्रू मारणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

खरा धोका वायरमध्ये आहे का?

ग्राहकाचे लक्ष वूफरवर असते आणि बचत केली जाते ती वायरिंग किटमध्ये. बाजारातील अनेक स्वस्त वायर आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशा वायरची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणजे तेवढ्याच प्रवाहासाठी ती अधिक जाड घ्यावी लागते. काही किटमध्ये प्लॅस्टिकचे आवरणच जाड आणि आतली तार बारीक असते. टोक सोलून, खरवडून पाहिले की चंदेरी रंग दिसतो. दुकानदारासमोर हे पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हिशेब साधा आहे. ५०० वॅट आरएमएस देणारा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारात सुमारे ४५ अ‍ॅम्पिअर प्रवाह ओढतो. इतका प्रवाह बारीक वायरमधून गेला तर ती तापते. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज असायलाच हवा. अ‍ॅम्प्लिफायरवरील फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरचे रक्षण करतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या वायरचे रक्षण करतो तो मुख्य फ्यूज. बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या धारेवर वायर घासली आणि हा फ्यूज नसेल, तर शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटू शकते. त्या छिद्रात रबरी ग्रोमेट बसवली आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पाहावे. ग्राउंडची वायरही तितकीच जाड, आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवलेली असावी.

बासच्या ठोक्यासरशी हेडलाइट मंद होत असतील, तर गाडीच्या विद्युत यंत्रणेवर ताण येत आहे असे समजावे. त्यावर कॅपॅसिटर विकला जातो. तो क्षणिक झटका सावरतो, पण नवी वीज निर्माण करत नाही. अल्टरनेटरच अपुरा असेल तर त्याचा उपयोग नाही.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

आजच्या गाड्यांत स्टिरिओचा पडदा गाडीच्या इतर यंत्रणांशी जोडलेला असतो. मूळ वायर कापून जोड दिल्यास पुढे त्या भागातील बिघाडाची वॉरंटी नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. म्हणून त्या मॉडेलसाठी बनवलेला कपलर वापरून, वायर न कापता सिग्नल घेण्याचा आग्रह धरावा. कपलरचे काही शे रुपये वाचवणे पुढे महागात पडू शकते.

विम्याबाबतही गैरसमज आहे. कंपनीच्या यादीतील किमतीत नसलेली, नंतर बसवलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे साध्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्यांची किंमत जाहीर करून 'आयएमटी-२४' हे पृष्ठांकन घ्यावे लागते. मूळ मोटर टॅरिफमध्ये त्यासाठी उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ठरवलेला होता. त्यासाठी पक्के बिल हाती असणे सोयीचे.

बिल नाकारले तर?

'बिल घेतलं तर जीएसटी लागेल' हे वाक्य अनेक दुकानांत ऐकू येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हेही त्यातच मोडते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ते नसेल तर माल चोरवाटेने आला असण्याची शक्यता असते आणि त्यावरची 'कंपनी वॉरंटी' कागदावरच राहते.

दुकानदाराचीही बाजू आहे. ग्राहक दुकानात तासभर संच ऐकतो, माल ऑनलाइन मागवतो आणि फिटिंगसाठी परत त्याच दुकानात येतो. वस्तूवरील नफा गेल्यावर कारागीर मजुरीत घासाघीस सहन करत नाही आणि मग किटमध्ये काटकसर होते. म्हणून वस्तूची किंमत आणि फिटिंगची मजुरी वेगवेगळी लिहून घेणे, फिटिंगचीही हमी मागणे आणि चांगल्या कामाची वाजवी मजुरी देणे दोघांच्याही फायद्याचे ठरते.

आवाजाच्या मर्यादा कोणत्या?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिनियंत्रणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कानांची मर्यादा त्याहून कठोर. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था 'नायोश'च्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. मुंबई-पुणे प्रवास त्याहून बराच लांब असतो. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल इतपतच आवाज ठेवणे, हे गाडी चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे.